कोबाल्टच्या बरणीतली साखर

१

रविवारी सकाळी आमच्या ऑफिसातली तिजोरी उघडली, तेव्हा तिच्यात जे असायला हवं होतं ते होतं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

ऑफिस दोह्यात, बिन महमूदमध्ये. खाली शावर्मा, वर दातांचा दवाखाना आणि मधल्या मजल्यावर आम्ही, अल-साहिल क्लीन मटेरियल्स. जगाची हवा स्वच्छ करणं हा आमचा धंदा. इलेक्ट्रिक बसच्या आणि सोलरची वीज साठवायच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट लागतो. तो आफ्रिकेतल्या खाणीतून मिळवायचा, युरोपातल्या बॅटरीवाल्यांना द्यायचा आणि मधल्या मध्ये शपथेवर सांगायचं, की हा खणताना एकाही लहान मुलाचा हात लागलेला नाही. शपथेचं खातं माझ्याकडे आहे. मी वेदांत, पद कम्प्लायन्स असोसिएट. शपथेच्या स्लाइड मी बनवतो. मागे हिरवं पान असतं.

त्या सकाळी लॅबचा माणूस खोका घेऊन उभा होता. तिजोरीतला कोबाल्टचा नमुना त्याच्या हवाली करायचा, एवढाच कार्यक्रम. तिजोरीचा आकडा अत्यंत गुप्त आहे. कंपनीच्या स्थापनेची तारीख. ती रिसेप्शनवरच्या पितळी पाटीवर कोरलेली आहे.

"यल्ला, आटपा, मला मीटिंग आहे," म्हणत सेल्सच्या कुशलने आकडा दाबला. दार उघडलं. आत पांढरी, रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी. फिरकीचं झाकण, त्यावर 'नमुना, तिजोरीत ठेवा' असा लाल स्टिकर. अंगावर लेबल, डी. तुस्कानो.

"हे कसं शक्य आहे?" विजयसर म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. विजय राजोपाध्ये, आमचे एमडी, पुण्याचे. सरांना बीपी आहे. एसीचं बिल बघूनही ते हेच म्हणतात. काँट्रॅक्टवाल्या मृणालिनीने त्यांना पाणी आणून दिलं.

डग्लस तुस्कानोने बरणी उचलली. डग्लस आमचा क्वालिटी इन्स्पेक्टर, वसईचा. खाणीवर जाऊन नमुना त्यानेच आणला होता, सील त्यानेच लावलं होतं. बरणी हातात घेताच त्याचा चेहरा उतरला.

"हलकी लागते," तो म्हणाला. "आणि सील कुठाय?"

त्याने झाकण फिरवलं. आत गळ्यापर्यंत गुलाबी भुकटी असायला हवी होती. कोबाल्टची ही भुकटी अगदी गुलालासारखी दिसते. बरणी आतून लख्ख घासलेली होती. लेबलाचा एक कोपरा पाण्याने सुटला होता. आणि तळाशी चमचाभर पांढरे दाणे चमकत होते.

लॅबच्या माणसाने खोक्याचं झाकण हळूच बंद केलं.

२

"कोणी हात लावू नका," अंतरा केळशीकर म्हणाली.

अंतरा माझी बॉस, कम्प्लायन्सची प्रमुख, नाशिकची. आवाज चढवत नाही. एखादा खोटं बोलायला लागला की ती त्याला पाणी हवंय का विचारते, आणि लोकांना खरंच तहान लागते.

तिने चार दाणे स्टीलच्या चमच्यात घेतले आणि खालून लायटर धरला. दाणे वितळले, तपकिरी झाले. मीटिंग रूमभर कॅरमल कस्टर्डचा वास सुटला.

"साखर," ती म्हणाली.

एखाद्या गोष्टीत नक्की काय आहे हे आमच्या कंपनीत खात्रीने सिद्ध झाल्याची ही पहिलीच वेळ.

विजयसर तोपर्यंत सावरले होते. "हे बघा, गुरुवारी युरोपची पार्टी सहीला येतेय. पाच वर्षांचा सप्लाय आहे. डग्लसने रिपोर्टमध्ये काहीबाही लिहिलंय. नमुना असता तर तपासून घेतलं असतं. नमुना नाही, तर तो रिपोर्ट म्हणजे नुसतं एका माणसाचं मत. आणि नमुना सांभाळायची जबाबदारी कोणाची होती?"

सगळ्यांनी डग्लसकडे पाहिलं. जबाबदारी विचारली की आमच्याकडे सगळे एकाच दिशेला बघतात. त्या बाबतीत टीमवर्क उत्तम आहे.

"बुधवारपर्यंत सापडला नाही तर मला पत्र द्यावं लागेल, डग्लस. माझ्या हातात नाही. इन्शाल्ला सापडेल."

पत्र म्हणजे काय, हे दोह्यात कुणाला समजवावं लागत नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर जातं, आणि डग्लसच्या चौथीत शिकणाऱ्या मुलीला, जोस्लीनला, अर्ध्या वर्षात शाळा सोडून वसईला जावं लागतं, जिथे तिला सगळं समजतं पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं.

आम्ही डग्लसच्या टेबलाशी गेलो. तो तिथूनच तिजोरीकडे बघत बसला होता.

"नमुने तीन घ्यायचे असतात ना?" अंतराने विचारलं.

"असतात. एकच घेऊ दिला. म्हणाले, आमच्यावर विश्वास नाही का?"

"रिपोर्टमध्ये काय लिहिलंस?"

"खाणीच्या पुढच्या अंगाला मशीन, हेल्मेट, प्रथमोपचाराची पेटी. तुझ्या स्लाइडमध्ये आहे तसंच, वेदांत. मी लघवीला म्हणून मागच्या अंगाला गेलो. तिथे बाहेरून आलेली पोती रिकामी करून ह्यांच्या मालात मिसळत होते. डोंगरापलीकडच्या बिळांतला माल. तिथल्या मातीत दुसरे धातू जास्त असतात. लॅबने नुसती ती भुकटी बघितली असती तरी कळलं असतं, की हा एका खाणीचा माल नाही."

"पोती कुणी आणलेली, बघितलंस?"

"माणसं गेलेली. पोत्यांवर ओल्या पायांचे ठसे होते." त्याने दोन बोटांत अंतर धरून दाखवलं, मग हात खाली घेतला. "आमच्या जोस्लीनच्या मापाचे."

 

"पुन्हा जाऊन नमुना आणता येईल?" अंतराने विचारलं.

"आता गेलो तर मागचं अंगण सारवून, रांगोळी काढून ठेवतील."

३

मृणालिनी सबनीसला साखरेचा प्रश्नच अपमानास्पद वाटला.

"पांढरी साखर? माझ्या पॅन्ट्रीत?" ती म्हणाली. "आपली पॅन्ट्री सस्टेनेबल आहे. मी स्वतः सगळी पांढरी साखर हद्दपार केलीय. ब्राउन शुगरच्या पुड्या आणि खजूर. बस."

हे खरं होतं. आमच्या ऑफिसात चहा प्यायला की पर्यावरण वाचल्यासारखं वाटतं आणि चहा प्यायल्यासारखं वाटत नाही.

"आणि घरी?"

"घरी मी एकटी. माझ्या घरात साखरेचा एक दाणा सापडला तर मी राजीनामा देईन."

"काँट्रॅक्ट बुडालं तर?"

"तर वर्षभराचं काम पाण्यात," मृणालिनी म्हणाली. "म्हणून मी डग्लसचा नमुना चोरला, असं म्हणायचंय का तुला?"

"पाणी हवंय?" अंतराने विचारलं.

"नको."

अंतराने मान डोलावली. माझ्या अनुभवात हे निर्दोष असल्याचं लक्षण आहे.

कुशलने पाणी आधीच घेतलं होतं. तो बिन महमूदमध्येच एकटा राहतो, दुपारी खालचा शावर्मा खातो आणि हे काँट्रॅक्ट झालं तर गाडी बदलणार आहे.

"सिंपल आहे," तो म्हणाला. "डग्लसने रिपोर्टमध्ये फेकाफेकी केली. आता टेस्टमध्ये उघडं पडणार म्हणून त्यानेच बरणी रिकामी केली."

"आणि साखर?"

"कन्फ्यूज करायला. तुम्ही झालात ना?"

"झालो," अंतराने मान्य केलं. "जरा एक पिन देतोस?"

कुशलने ड्रॉवर ओढला. ड्रॉवर अडला, कारण आत स्टीलचे डबे दाटीवाटीने बसले होते. आपल्या बायका भांड्यावर नाव घालून घेतात म्हणून मालक कळत होते. नमिता, सरांच्या बायको. जुलिया, डग्लसची. मराठी मंडळाच्या रत्नप्रभाताई. पुन्हा नमिता.

"परत द्यायचेत गं," कुशल म्हणाला.

"कधीपासून?"

"वर्ल्ड कप होता ना इथे? तेव्हापासून."

अंतरा त्या डब्यांकडे इतका वेळ बघत राहिली, की मला वाटलं आत नमुना आहे. एकेक उघडून पाहिला. एकात जुन्या चकलीचा तुकडा होता. तोही आता खनिज झाला होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "कुशल नाही."

"कशावरून?"

"सगळे जण एकच प्रश्न विचारतायत, वेदांत. बरणी तिजोरीतून कोणी काढली? आकडा पाटीवर आहे, कोणीही काढेल. दुसरा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही."

४

दुसरा प्रश्न तिने रिफतला विचारला. रिफत आमचा ऑफिस असिस्टंट, चितगावचा. तो कप विसळत होता.

"रिफतभाई, वो बरणी तिजोरी में किसने रखा?"

"मैंने," रिफत म्हणाला.

माझ्या हातातला खजूर खाली पडला.

"अरे, दोन दिवस आम्ही जिवाचं रान करतोय," मी म्हणालो, "आणि तू बोलला नाहीस?"

रिफतला मराठी समजतं. तो शांतपणे म्हणाला, "साब, सबने पूछा किसने निकाला. मैंने नहीं निकाला. किसने रखा, ये किसी ने नहीं पूछा."

हकिकत एवढीच होती. गुरुवारी दुपारी जेवणाआधी तो पॅन्ट्रीत आला तेव्हा ओट्यावर घरोघरीचे टिफिन मांडलेले होते, आणि त्यांच्या शेजारी ही बरणी. कुणी ठेवली ते त्याने पाहिलं नव्हतं. लाल स्टिकरवर लिहिलं होतं तिजोरीत ठेवा. त्याने ठेवली. मग शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी तमाशा.

"हलकी नहीं लगी?" अंतराने विचारलं.

"मॅडम, इधर सब डिब्बा हलका ही आता है. डाएट."

त्या दिवशी ओट्यावर तीन टिफिन होते. डग्लसचा, जो त्याची बायको जुलिया भरते. मृणालिनीचा, जो ती स्वतः भरते. आणि विजयसरांचा, जो अल दुहैलच्या घरून ड्रायव्हर मच्छिंद्र दुपारी घेऊन येतो.

अंतराने गाडीची किल्ली उचलली. "चल."

"कुठे?"

"चहाला. साखर घातलेल्या."

५

गाडीत ती बोलायला लागली. सिग्नल लांब होते, त्यामुळे तर्क सलग झाला.

"चोर काय करेल? बरणीच उचलेल. हुशार असला तर आत दुसऱ्या मालाची गुलाबी भुकटी भरून ठेवेल. पण कुठला चोर बरणी घासूनपुसून, आत चमचाभर साखर घालून परत आणून ठेवतो?"

"मधुमेहाच्या विरोधातला?"

"गंमत सोड. तुझी आई शेजाऱ्यांचं भांडं परत कसं देते?"

मी नगरचा. आमच्याकडे भांडं रिकामं परत गेलं, तर घरातलं कुणी वारलंय का म्हणून शेजारी चौकशीला येतात.

"धुऊन. आणि आत काहीतरी घालून," मी म्हणालो. "काहीच नसलं तर साखर."

"म्हणजे ज्या हातांनी साखर घातली, त्या हातांना ती पुरावा वाटलीच नाही. ते कुणाचं तरी भांडं होतं. लेबलावर नाव होतं, तुस्कानो. म्हणून त्या हातांनी ते तुस्कानोला परत पाठवलं. आता, पॅन्ट्रीत पांढरी साखर नाही. म्हणजे बरणी कुणाच्या तरी घरी जाऊन आली. कुणाच्या?"

"डग्लसच्या?"

"स्वतःचं भांडं स्वतःला परत करताना कोणी साखर घालतं का?"

"मृणालिनी?"

"घरी एकटी, आणि तिथे साखर नाही."

"खोटं बोलत असेल."

"एकटीच आहे, म्हणजे बरणीत काय होतं ते तिला माहीत असणार. तिने साखर घालून परत कशाला आणली असती? कुशलही एकटा, आणि त्याने जन्मात कुणाचा डबा परत केलेला नाही. वेदांत, हे दोन माणसांचं घर आहे. एकाने बरणी रिकामी केली, दुसऱ्याने धुतली. आणि दुसऱ्याला पहिल्याचं काहीच माहीत नाही."

पुढचा सिग्नल हिरवा होता. तरी ती क्षणभर थांबून राहिली. मागून हॉर्न वाजला.

अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये नमिता काकूंनी दार उघडलं. विजयसरांच्या बायको. दर सणाला अख्ख्या ऑफिसला फराळ पाठवतात, आमच्यातल्या अर्ध्या लोकांची हाडं त्यांच्या चिवड्यावर टिकून आहेत.

"अगं बाई, अंतरा! आणि हा कोण, वेदांत? वाळलास रे. बसा, चहा टाकते." आणि आत जाता जाता, अगदी सहज, मागे वळून त्यांनी विचारलं, "ए, जुलियाला बरणी पोचली ना?"

६

अंतराने पाणी हवंय का, असं विचारलं नाही.

"पोचली, वहिनी," ती म्हणाली. "तुमच्याकडे कशी आली होती?"

"ह्यांनी टाकून दिलेली!" काकू ओट्याशी आल्याचा तुकडा ठेचत म्हणाल्या. "कचऱ्याच्या डब्यात, वर पेपर झाकून. इतकी चांगली बरणी, रुंद तोंडाची, लोणच्याला काय सुरेख. मी काढली. बघते तर तुस्कानोचं नाव. म्हटलं, जुलियाने ह्यांच्या हाती गुलाबाचं काहीतरी पाठवलं असणार, आत गुलाबी गुलाबी लागलेलं होतं. ह्यांनी गाडीत सांडलं असेल आणि मी ओरडेन म्हणून गुपचूप टाकली. झाकणाच्या आट्यांमधला रंग निघेना, शेवटी जुन्या टूथब्रशने घासला. एक ठिपका ठेवला नाही."

अंतराने डोळे मिटून घेतले. लॅबला तेवढा ठिपकाही पुरला असता.

"रिकामी कशी पाठवू? तेवढ्यात मच्छिंद्र टिफिनला आला. घाईत चमचाभर साखर घातली आणि म्हटलं, डग्लस साहेबांना दे. विसरला असेल मेला, कुठेतरी ठेवून आला असेल. माझाही एक डबा आहे जुलियाकडे, चिवड्याचा. पण ती कधी रिकामा नाही हो देत. मागच्या वेळी सुकेळी भरून पाठवलेली, थेट वसईची."

बाहेर गाडी थांबली. विजयसर आत आले, आम्हाला पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. बूट काढता काढता त्यांना सगळं कळलं. एक बूट पायातच राहिला.

"सर," अंतरा म्हणाली, "रविवारी तिजोरी उघडली तेव्हा तुम्ही म्हणालात, हे कसं शक्य आहे. तेव्हा बरणीचं झाकणही उघडलं नव्हतं. बरणी जागेवर होती, बाहेरून सगळं ठीक होतं. ती तिथे आहे याचंच आश्चर्य फक्त तुम्हाला वाटलं. कारण ती तिथे नाही हे फक्त तुम्हाला माहीत होतं."

सर सोफ्यावर बसले. नाकारलं नाही. मला वाटतं त्यांना थोडं हलकंच वाटलं. दोन दिवस ते भुतावर विश्वास ठेवून होते.

"भुकटी कुठाय?" अंतराने विचारलं.

"फ्लश केली."

दोह्यात सांडपाणी शुद्ध करून बागांना घालतात. म्हणजे कुठल्यातरी बागेतलं गवत आता बॅटरीवर वाढत असणार.

"बरणी वाटेत फेकली असती तर?" मला राहवलं नाही.

"रस्त्यावर कचरा टाकला तर दंड आहे," सर म्हणाले. ते गंभीर होते. "मी नियम मोडत नाही."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "काय चाललंय? अहो, काय होतं त्या बरणीत?"

"कोबाल्ट," सर म्हणाले.

"मग टाकलात का?"

मीच सांगितलं. खाणीचं मागचं अंगण, पोती, ओल्या पायांचे ठसे, माप. मी स्लाइड चांगल्या बनवतो. मोजक्या शब्दांत सांगायची सवय आहे.

"तो माल आपण नाही घेतला तर दुसरा घेईल," विजयसर म्हणाले. आता त्यांचा आवाज मीटिंगसारखा झाला होता. "तीच पोती, तीच पोरं. फक्त बसवर दुसऱ्याचं नाव. आणि आपलं ऑफिस बंद. डग्लसची नोकरी तशीही गेली असती, वेदांतची गेली असती, तुझी गेली असती अंतरा. मी वाचवत होतो सगळ्यांना."

"डग्लसला बुधवारी पत्र देताय तुम्ही," अंतरा म्हणाली.

"कुणाला तरी द्यावं लागतं."

काकूंनी ट्रे टीपॉयवर ठेवला. कप एकमेकांवर वाजले. "म्हणजे ते मी धुतलं," त्या हळू म्हणाल्या. "मी ब्रशने घासलं."

"तुमची चूक नाही, वहिनी."

"मग कुणाची गं?" काकूंनी विचारलं आणि नवऱ्याकडे बघितलं नाही.

चहा तसाच राहिला. वरती साय धरली.

७

अंतराने त्याच संध्याकाळी सगळं लिहून हेड ऑफिसला पाठवलं. साखर, ब्रश, आट्या, सरांचं ते वाक्य. मंगळवारी व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर पाच माणसं, पाचही नम्र.

त्यांनी तपासाचं कौतुक केलं. तर्क निर्दोष आहे म्हणाले. मग म्हणाले, नमुनाच नाही म्हटल्यावर त्या नमुन्यात काय होतं, हेही आता सांगता येत नाही. मालात भेसळ सिद्ध होत नाही. सिद्ध होते ती फक्त साखर, आणि साखरेबद्दल कंपनीचं काही धोरण नाही.

"एमडींनी पुरावा नष्ट केला," अंतरा म्हणाली.

"पुरावा होता असं म्हणायला पुरावा लागेल," पडद्यावरचा एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांनी टिपून घेतलं.

बुधवारी डग्लसला पत्र मिळालं. नमुन्याची सुरक्षितता राखण्यात कसूर. मृणालिनीने ते टाइप केलं आणि पॅन्ट्रीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. गुरुवारी सही झाली. युरोपच्या पार्टीने माझ्या स्लाइडची स्तुती केली, विशेषतः पानाची. कुशलने गाडी बुक केली.

काहीच कारवाई झाली नाही असं नाही. तिजोरीचा आकडा बदलला. अंतराला मस्कतला ट्रेनिंग विभागात पाठवलं, तिथे ती नवीन पोरांना सचोटी शिकवणार आहे. विजयसरांच्या पदापुढे 'आणि सस्टेनेबिलिटी' असं वाढलं.

शेवटच्या शुक्रवारी मी मुऐदरला डग्लसकडे गेलो. घरात सगळीकडे खोकी. जोस्लीन एका खोक्यात बसून टॅबवर काहीतरी बघत होती. मी विचारलं, वसईला जायचं ना, मजा आहे. ती वर न बघता म्हणाली, "नॉट रिअली."

डग्लस खिळे काढून भिंतीला पुटी भरत होता. घरमालकाला भिंत होती तशी द्यायची असते. "ये रे," म्हणाला. "खुर्च्या गेल्या. बस खोक्यावर. त्यावर नको, त्यात काचा आहेत."

निघताना जुलियाने मला थांबवलं. स्वयंपाकघरातून तिने एक स्टीलचा डबा आणला. झाकणावर बारीक अक्षरांत नमिता असं कोरलेलं होतं. चिवड्याचा डबा. आरशासारखा घासलेला.

"येवढा देशील तिला?" ती म्हणाली. "कुणाची भांडी नेत नाही आम्ही."

मी तिथून थेट अल दुहैलला गेलो. काकूंनी दार उघडलं. सर घरात होते, टीव्हीचा आवाज येत होता. काकूंनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच दारात झाकण काढलं.

आत काही नव्हतं. साखरेचा दाणासुद्धा नाही.

त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. मग झाकण लावलं, नीट, चारी बाजूंनी दाबून.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सांग तिला, पोचला."